मुक्या जनावराचं पोट आणि आपला इतिहास



विहाराच्या स्मरणिकेत जनावरांच्या पोटाच्या औषधांवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. पण हा विषय आपल्या बापजाद्यांच्या खांद्यावरून गेलेला आहे. म्हणून आम्ही तो मुद्दाम घेतला.

गिरनारच्या खडकावर सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख आहे, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातला. माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, असं त्यात राजा सांगतो. मुक्या जीवाला औषध मिळावं हे राज्याचं काम आहे, हा विचार एवढा जुना आहे.

आमच्या कोल्हापूर भागात घरटी गाय-म्हस. तिच्या पोटाला चार कप्पे. पहिल्या मोठ्या कप्प्यात वैरण आंबते, वायू होतो, तो ढेकरेवाटे निघून जातो. कोवळा ओला लसूणघास पोटभर खाल्ला की आत फेस होतो, ढेकर अडते आणि डावी कूस ढोलासारखी फुगते. वेळेत उपाय झाला नाही तर काही तासांत जनावर दगावते. जुनी माणसं हिंग, ओवा आणि गोडेतेल पाजायची. त्यातलं तेल खरंच गुणकारी, कारण तेलानं फेस मोडतो. मात्र घाईत पाजलं तर ते फुफ्फुसात जातं. आजचे डॉक्टर फेस मोडणारं सिलिकोनचं औषध देतात, आणि अगदीच जिवावर बेतलं तर डाव्या कुशीत नळी घालून वायू सोडतात. लग्नातला उरलेला भात किंवा धान्य जनावरानं जास्त खाल्लं तर पोटात आम्ल वाढतं. त्यावर खायचा सोडा देतात, पण किती द्यायचा हे डॉक्टरांनीच ठरवावं.

पण एका रोगापुढे कोणतंच औषध चालत नव्हतं. तो म्हणजे बुळकांडी. तोंडात फोड, आतडी सोललेली, पाण्यासारखा संडास, आणि गोठेच्या गोठे रिकामे. लोक देवीला नवस करत, बळी देत. आणि मेलेली जनावरं ओढायची कुणी? आपल्या महार बांधवांनी. जित्या जनावराचं दूध दुसऱ्याचं, मेलेलं धूड आमचं! उत्तर हिंदुस्थानात तर कातड्यासाठी जनावरांना विष घालतात, असा आळ चर्मकार समाजावर घातला गेला.

इंग्रज सरकारनं नेमलेल्या आयोगानं 1871 साली जनावरांच्या साथींवर अहवाल दिला. 1886 साली मुंबईत परळला पशुवैद्यक कॉलेज निघालं. 1889 साली पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली. ती 1893 साली हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथेच पुढे 1920 नंतरच्या दशकात बकऱ्याच्या शरीरात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली.

त्याच काळात आपला माणूसही उठत होता. मार्च 1920 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगाव परिषद झाली. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं जनावर ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा, असं बजावून सांगितलं. पोट मारलं जाईल हे माहीत असूनही लोकांनी ते सोडलं. इज्जत ही भाकरीपेक्षा मोठी ठरली.

1954 साली देशभर बुळकांडीविरुद्ध लसीकरण मोहीम सुरू झाली. 1995 नंतर भारतात या रोगाचं जनावर सापडलं नाही. 2011 साली सगळं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. माणसांतल्या देवीच्या रोगानंतर जगातून हद्दपार झालेला हा दुसराच रोग! नवसानं नाही, तर लसीनं, नोंदी ठेवून, गोठ्यागोठ्यात फिरून तो गेला.

यातून आम्ही एवढंच म्हणतो. म्हस फुगली तर अंगारा शोधू नका, डॉक्टरला बोलवा. जुन्या औषधातलं जे खरं असेल ते पारखून घ्या, बाकीचं सोडा. आणि आपल्या पोरापोरींना शिकवा. साताऱ्याच्या शिरवळला 1988 पासून सरकारी पशुवैद्यक कॉलेज आहे. ज्यांच्या आज्यानं मेलेलं जनावर ओढलं, त्यांच्या नातीनं जितं जनावर वाचवावं. आमच्या मते इतिहास पालटणं म्हणजे हेच.

जय भीम! जय भारत!