एका यीस्टची चार नावं

समजा, तुम्ही दिंडोरीच्या किंवा निफाडच्या बागेतून द्राक्षाचा घड आणलात, सालीवरचं यीस्ट प्लेटवर वाढवलंत आणि त्याच्याशी जुळणारं वर्णन एका जुन्या पेपरमध्ये सापडलं. काम झालं? थांबा. आधी ते नाव कुठल्या काळातलं आहे ते बघा.

1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. त्यानंतर कित्येक दशकं ओळख पटवायची ती पेशीचा आकार, बीजाणू आणि कुठली साखर आंबते यांवरून. द्राक्षावर हमखास भेटणारं लिंबाच्या आकाराचं यीस्ट घ्या. बीजाणू दिसले तर ते हॅन्सेनियास्पोरा (हॅन्सन यांच्याच नावावरून), नाही दिसले तर क्लोकेरा. जीव एक, नावं दोन. आणि बुरशींच्या नामकरणाच्या नियमांना ते चालत होतं!

1998 मध्ये कर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी सुमारे 500 यीस्टच्या 26एस जीनमधली साधारण 600 अक्षरं ताडून पाहिली. त्यातून ढोबळ नियम निघाला: 1 टक्क्याहून जास्त फरक असेल तर बहुधा वेगळी प्रजाती. 2011 साली मेलबर्नमध्ये 'एक बुरशी, एक नाव' हेही ठरलं.

मग हे सगळं आपल्याला कशाला? द्राक्षावर सापडणारं इसाचेंकिया ओरिएंटॅलिस घ्या. 2018 मध्ये जीनोम तपासल्यावर दिसलं, की हे, पिचिया कुद्रियावझेवी, कॅन्डिडा ग्लिसरिनोजीनस आणि कॅन्डिडा क्रुसेई ही एकच प्रजाती आहे. यातलं शेवटचं नाव दवाखान्यातलं. फ्लुकोनॅझोल या औषधाला ते मुळातच दाद देत नाही. म्हणजे फक्त जुनं नाव वाचून तुम्ही 'हे तर फळावरचं निरुपद्रवी यीस्ट' असं लिहून मोकळे झालात, तर चूक कागदावरच राहील याची खात्री नाही. उद्या कुणी तेच यीस्ट वाइनसाठी किंवा फवारणीसाठी सुचवेल.

म्हणून वहीत नावासोबत पद्धत आणि तारीख लिहा. सिक्वेन्स जुळला तरी सध्याचं मान्य नाव तपासा. आणि कल्चर पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएमसारख्या संग्रहात जमा करा. खरोखर नवी प्रजाती निघाली, तर 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नियुक्त संग्रहाला कळवावंच लागतं. नावं बदलत राहतील. कल्चर जपलेलं असेल तर पुढच्याला तुमचं काम पुन्हा तपासता येईल.