थंडी संपल्याचे लोकसंकेत आणि उन्हाळी भुईमुगाची पेरणी

कराड, वाळवा, पलूस भागात थंडी ओसरण्याबाबत दोन संकेत घरोघरी सांगितले जातात. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो आणि होळी जळाली की थंडी पळाली. हे संकेत कशातून आले हे कळले, तर पेरणीसाठी त्यांचा किती आधार घ्यावा हेही ठरवता येते.

संकेतांचा उगम

संक्रांत सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशाशी जोडलेली आहे. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हा प्रवेश आणि उत्तरायणाचा प्रारंभ एकाच सुमारास होत असे. पृथ्वीचा अक्ष संथपणे फिरत असल्याने दोन्हींत दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवसाचे अंतर पडत गेले. आता दिवस २२ डिसेंबरच्या सुमारासच वाढू लागतो, संक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीला येते.

होळी फाल्गुन पौर्णिमेला, म्हणजे चंद्राच्या तिथीवर येते. २०२३ मध्ये ती ६ मार्चला, तर २०२४ मध्ये २४ मार्चला होती. तोपर्यंत आपल्याकडील थंडी बहुधा सरलेली असते, म्हणून ही म्हण खरी ठरते.

अमेरिकेतही २ फेब्रुवारीला ग्राउंडहॉग या प्राण्याला स्वतःची सावली दिसली, तर थंडी आणखी सहा आठवडे टिकते असे मानतात.

थंडी पुन्हा का येते?

उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे, थंड वारे महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात. त्यामुळे संक्रांतीनंतर, काही वर्षी फेब्रुवारीतही, पारा घसरतो.

पेरणीचा निर्णय

उन्हाळी भुईमुगाची पेरणी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात करावी. उगवणीसाठी जमिनीचे तापमान १८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त हवे. संक्रांत झाली म्हणून गारठ्यातच पेरणी केल्यास उगवण लांबते, बी कुजते आणि नांग्या पडतात.

होळीपर्यंत थांबल्यास ११५ ते १२० दिवसांचे पीक जूनअखेर ते जुलैमध्ये काढणीला येते. तेव्हा पाऊस लागल्यास उपट्या वाणांच्या शेंगांना जमिनीतच कोंब फुटतात.

त्यामुळे पेरणीपूर्वी सलग काही दिवस सकाळी ५ सेंटिमीटर खोलीवर मातीचे तापमान मोजावे. कृष्णा-कोयनाकाठच्या सखल रानात गारठा जास्त साचतो, तेथे वेगळी नोंद घ्यावी. पुढील पाच दिवसांचा हवामान अंदाज पाहून वाफसा असताना पेरणी उरकावी.