मरणं मोजायची कुणी?

पेपरात जव्हार-मोखाड्याचं नाव आलं की बातमी कुपोषणाचीच असणार, हे आपल्या डोक्यात बसलंय ते 1992 पासून. त्या वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली आणि मुंबईपासून इतक्या जवळचं हे गाव लोकांना नकाशात शोधावं लागलं. (तेव्हा जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला.)

अशा वेळी ठरलेला वाद म्हणजे, मूल भुकेने गेलं की आजाराने? कागदावर न्यूमोनिया किंवा जुलाब लिहिता येतं, आणि ते खोटंही नसतं. अशक्त मूल शेवटी त्यानेच जातं. पण जाब ज्या खात्याला द्यायचाय, मरणाचं कारणही तेच लिहिणार असेल तर भरवसा कसा ठेवायचा?

याला खरं उत्तर मिळालं ते दूर गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच, पाचवी-दहावी शिकलेल्या बायकांना तयार केलं. जन्मलेलं बाळ तपासायचं, वजन करायचं, श्वास मोजायचे, सगळं लिहून ठेवायचं. 39 गावांत हे काम झालं, तुलनेला 47 गावं. नवजात मृत्यूचं प्रमाण हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी साधारण 25 वर आलं. 1999 साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मला त्या आकड्यांइतकंच अप्रूप या गोष्टीचं वाटतं, की त्यांच्यामागची वही एखाद्या सातवी पास बाईने भरलेली होती!

मग महाराष्ट्रातल्या 13 संस्थांनी मिळून आपापल्या भागात जन्म-मृत्यू मोजले. 2001 च्या 'कोवळी पानगळ' अहवालात निघालं ते असं, की सरकारी नोंदीत बालमृत्यू दिसतात त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त. अहवाल गाजला. पुढे सरकारने बालमृत्यूंवर समिती नेमली, तीही बंगांच्याच अध्यक्षतेखाली.

2007 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. गावकऱ्यांनी प्रश्नावली हातात घेऊन आरोग्य केंद्राला लाल, पिवळा किंवा हिरवा शेरा द्यायचा, आणि जनसुनवाईत डॉक्टरांसमोर तो मांडायचा. अक्षर न वाचणाऱ्यालाही लाल रंग कळतो, एवढा साधा विचार. यात संशोधन कुठे आलं, असं कुणी म्हणेल. माझ्या मते नर्स किती दिवस आली नाही हे मोजणं म्हणजेच पुरावा गोळा करणं, आणि त्यासाठी पदवी लागत नाही.

तरी 2016 मध्ये मोखाडा पुन्हा मथळ्यात आलाच. मोजल्याने पोट भरत नाही, रोजगारासाठी होणारं स्थलांतरही थांबत नाही.

गडचिरोलीची ती पद्धत मात्र 2011 पासून देशभर आली. जव्हारच्या पाड्यावरही आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. झोळीत वजनकाटा असतो.