आईपासून लेकरू तोडण्याचा कायदा

इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणूस जन्मानेच गुन्हेगार ठरला, हे आपण भाषणांतून सांगतो. पण या कायद्याने लेकरांचं काय केलं, ते फारसं कोणी सांगत नाही. 1897 च्या दुरुस्तीने या जमातींच्या 4 ते 18 वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. 1924 च्या कायद्यातही तो कायम राहिला. यामागचा विचार काय? आईच्या सहवासात लेकरू बिघडतं! गुण जन्मावर ठरतो, ही मनुस्मृतीचीच भाषा. इंग्रजांनी तिला फक्त सरकारी शिक्का मारला. म्हणूनच बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार जमाती या तिघांचा प्रश्न एकत्र मांडला.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. कॅनडात 2016 च्या जनगणनेनुसार 14 वर्षांपर्यंतच्या मुलांत मूलनिवासी 7.7 टक्के होते. पण परक्या घरी सांभाळायला दिलेल्या मुलांत ते 52.2 टक्के होते. त्याच वर्षी तिथल्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने सरकारला वांशिक भेदभावाबद्दल दोषी धरलं. लेकरू उचलायला पैसा होता, घरी जपायला नव्हता.

आपला कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. संशय रद्द झाला का? वऱ्हाडात चोरी झाली की पोलीस आजही आधी पारधी बेड्यावर जातात. बाप कोठडीत, आई कोर्टाच्या दारात आणि लेकरू सिग्नलवर. मग तेच लेकरू 'भिकारी' म्हणून उचललं जातं. गुन्हा कोणाचा आणि शिक्षा कोणाला?

याचं उत्तर समाजातूनच आलं. फासेपारधी शिक्षक मतीन भोसले यांनी नोकरी सोडून नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा उभी केली. 2019 साली समृद्धी महामार्गासाठी तिचं वाचनालय आणि विहीर तोडली गेली. पारध्यांनी स्वतः उभारलेली शाळा वाचवणं विकासाच्या हिशेबात बसलं नाही!

2015 चा बाल न्याय कायदा सांगतो : संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि जातीवरून भेद नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनो, अमरावती-अकोल्यात बेड्यावरचं लेकरू उचललं गेलं, तर बालकल्याण समितीपुढे आईसोबत उभे राहा. विचारा : या घराला रेशनकार्ड, जातीचा दाखला, घरकुल दिलं का? ते न देता लेकरू नेणं म्हणजे 1897 चाच कायदा पुन्हा चालवणं.

जय भीम!