उसन्या पगडीचा सरदार

हिंगोलीहून वाशिमकडे निघाले की मराठवाडा संपत येतो तिथे कनेरगाव नाका लागतो. 'नाका' या शब्दातच सीमा आहे. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, मराठवाडा निजामाकडे राहिला आणि ही वाटणी थेट 1948 पर्यंत टिकली. मालावर करोडगिरी वसूल करणारा अंमलदार आणि त्याच्यापुढे गाडी थांबवून उभा राहिलेला शेतकरी, हे दृश्य या सीमाभागाने काही पिढ्या पाहिले. अंमलदाराची खुर्ची लहान असली, तरी गाडीवानाला ती सिंहासनाएवढीच वाटत असणार.

काही वर्षांपूर्वी याच नाक्यावर आम्ही दोघे बसची वाट पाहत उभे होतो. तेवढ्यात खाकी गणवेशातला एक फौजदार आला. त्याने चहाच्या टपरीवरच्या चारपाच जणांना दरडावले, एकाला नाव विचारले, दुसऱ्याला 'चल ठाण्यावर' म्हणून दम दिला. पहिल्या क्षणी सगळे वरमले. मग कोणाचे तरी लक्ष त्याच्या पायांतल्या झिजलेल्या चपलांकडे गेले आणि एकच हशा पिकला. तो बहुरूपी होता. हसून झाल्यावर त्यानेही हसत हात पुढे केला आणि ज्याला सर्वांत जास्त दम दिला होता, त्यानेच सर्वांत आधी खिशात हात घातला.

त्या भीतीचे हसू होण्यास जेमतेम मिनिटभर लागले असेल. तेवढ्या वेळात मराठी नाट्यपरंपरेतील एका महत्त्वाच्या दुय्यम पात्राचे सगळे शास्त्र आमच्या डोळ्यांसमोरून गेले. ते पात्र म्हणजे माजोरी सरदार. कुठे तो राजाचा मेव्हणा असतो, कुठे कोतवाल, कुठे पाटील, तर कुठे सावकार. तो नायक नसतो आणि खऱ्या अर्थाने खलनायकही नसतो. पण तो नसला तर पुष्कळदा नाटक उभेच राहत नाही.

या पात्राचा पूर्वज संस्कृत रंगभूमीवर सापडतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शकार हा राजा पालकाचा मेव्हणा. 'स'च्या जागी 'श' म्हणणारा, रामायण-महाभारतातील पात्रांची खिचडी करून विद्वत्ता मिरवणारा आणि वसंतसेनेने झिडकारल्यावर तिचा गळा दाबणारा. गो. ब. देवलांनी हे नाटक संगीत रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकालाही त्याची ओळख आहे. वर्गात शिकवताना आपण त्याला 'विनोदी खलपात्र' म्हणून मोकळे होतो. पण शूद्रकाने त्याच्याकडून करवून घेतलेले काम याहून मोठे आहे. वसंतसेनेला मारण्याची आज्ञा शकार प्रथम विटाला देतो, विट नकार देतो. मग तो स्थावरक या आपल्या सेवकाला सांगतो. स्थावरक मार खातो, पण खून करीत नाही. एका दासाचे मोठेपण शकाराच्या क्षुद्रतेशिवाय आपल्याला कधी दिसलेच नसते. दुय्यम पात्राचे काम ते हेच. त्याने स्वतः उजळायचे नसते, दुसऱ्यावर प्रकाश पाडायचा असतो.

दुसरी गोष्ट नात्याची. शकार राजाचा मेव्हणा आणि विराटाचा सेनापती कीचक हाही राणी सुदेष्णेचा भाऊ, म्हणजे पुन्हा राजाचा मेव्हणाच. हा निव्वळ योगायोग नसावा. दोघांची सत्ता उसनी आहे. राजाला आपला अधिकार ओरडून सांगावा लागत नाही. ज्याची पगडी दुसऱ्याच्या मर्जीवर डोक्यावर टिकते, त्याला मात्र ती क्षणोक्षणी चाचपून पाहावी लागते. माज हा बहुतेक वेळा या चाचपण्याचाच आवाज असतो. 'सरकारचा जावई' हा आपल्या बोलीतला टोमणा हेच सांगतो. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (1965) मधला वशिल्याने खुर्चीवर बसलेला कोतवालही त्याच कुळातला. दादा कोंडके यांच्या हवालदाराला टोपी उडवायला असेच डोके हवे होते.

कृ. प्र. खाडिलकरांनी या पात्राचा राजकीय उपयोग केला. 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आले. लॉर्ड कर्झन त्याआधीच, 1905 मध्ये, मायदेशी परतला होता. पण प्रेक्षकांनी कीचकात त्यालाच पाहिले, कंकभटाच्या सबुरीत मवाळ आणि बल्लवाच्या संतापात जहाल ओळखले. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. ज्या सत्तेला स्वतःविषयी खात्री असते, ती पौराणिक सेनापतीच्या वधाने अस्वस्थ होत नाही. बंदीच्या हुकमाने इंग्रज सरकारने जणू कीचकाची भूमिका स्वतःहून स्वीकारली.

परंतु या पात्राचे खरे घर लिखित नाटकात नाही, तमाशाच्या वगात आहे. गण, गवळण, बतावणी झाली की वग सुरू होतो. पारंपरिक वगाला लिहिलेली संहिता नसे. कथेचा सांगाडा ठरलेला असे, संवाद नटांनी त्या त्या रात्री उभे करायचे. राजा काय आज्ञा देणार हे सोंगाड्याला ढोबळमानाने ठाऊक असे. पण ती कोणत्या शब्दांत येईल आणि तिला कोणते उत्तर सुचेल, हे दोघांनाही फडावरच कळे. अशा खेळात राजाचे काम करणाऱ्या नटाची कसोटी निराळीच असते. त्याने इतके चढावे की सोंगाड्याला त्याला उतरवता यावे. तो फारच चढला तर खेळ अडतो आणि चढलाच नाही तर उत्तरात धार राहत नाही. टाळी सोंगाड्याला मिळते, तिची तयारी राजाने केलेली असते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्याहून येऊन भूमिका-खेळांविषयी सांगितले, तेव्हा आम्हाला वगच आठवला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते, काही प्रसंगांचा निकाल फासे लावतात आणि संवाद तिथल्या तिथे सुचतील तसे बोलले जातात. एक जण सूत्रधार असतो. खेळाडूंना भेटणारी बाकी सर्व माणसे, म्हणजे भटारखान्यातला आचारी, वेशीवरचा पहारेकरी आणि अर्थातच माजोरी उमराव, त्यालाच वठवावी लागतात. विद्यार्थ्याची अडचण अशी होती: "सर, मी उमराव झालो की मित्र चिडतात. पात्रावर नाही, माझ्यावर."

त्याला आम्ही शकाराची आणि वगातल्या राजाची गोष्ट सांगितली. सूत्रधाराच्या हाती आधीच सगळे जग असते. त्यातून त्याचा उमराव प्रत्येक वेळी वरचढ ठरू लागला, तर समोरच्यांना पात्राचा नव्हे, सूत्रधाराचाच माज दिसतो. उमरावाला काहीतरी हवे असले पाहिजे आणि ते देणे-न देणे समोरच्यांच्या हाती असले पाहिजे. त्याच्या अपमानाला उत्तर देण्याजोगी फट त्या अपमानातच असली पाहिजे, बहुरूप्याच्या चपलेसारखी. आणि काम झाले की त्याने निघून जावे. विद्यार्थ्याला हे पटले. आम्हालाही आपण काही शहाणपणाचे सांगितल्यासारखे वाटले.

ते शहाणपण किती अपुरे होते, ते पुढच्याच वर्षी कळले.

लोकनाट्याचा पाठ शिकवताना आम्ही वर्गात संहितेविना एक छोटा वग करून पाहायचे ठरवले. गावच्या पाटलाचे काम एका उमद्या, बोलक्या मुलाने आपणहून घेतले. हवालदार झालेला मुलगा अबोल, पण नेमके बोलणारा होता. खेळ रंगला. पाटील चढत गेला, वर्ग हसत होता, आम्हीही हसत होतो. आणि त्या भरात पाटलाच्या तोंडून एक शब्द निघाला. तो पात्राचा नव्हता. हवालदार झालेल्या मुलाच्या जातीचा होता. बहुधा तो त्याने ठरवून उच्चारला नसावा. घरात, गल्लीत कानावर पडलेला शब्द जिभेच्या टोकाशी होता, तो आला इतकेच. हवालदार गप्प झाला. त्याला उत्तर सुचत नव्हते असे नाही. ते उत्तर खेळातले राहिले नसते. आम्ही घाईघाईने तास संपवला. त्या क्षणी बोलायला हवे होते आणि आम्ही बोललो नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

नंतर इतिहासाकडे पुन्हा पाहिले, तेव्हा डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली गोष्ट दिसली. तमाशाचे फड ज्यांनी उभे केले, ते कलावंत मोठ्या प्रमाणावर महार, मांग, कोल्हाटी या जातींतले होते. दिवसा ज्याला पाटलाच्या ओसरीखाली उभे राहावे लागे, तोच रात्री फेटा बांधून राजा होई आणि तोच सोंगाड्या होऊन त्या राजाची फजिती करी. माज आणि त्याचे उत्तर दोन्ही त्याच्याच हातात असत. खरा पाटील समोर बसून हसत असे. म्हणजे वगातला सरदार निरुपद्रवी होता, तो त्याच्या बोलण्यामुळे नव्हे. तो कोण वठवतो आणि कोणासमोर, यामुळे तो तसा होता. आम्ही वर्गात हाच हिशेब उलटा मांडला होता. पगडी नकळत तिच्या मूळ मालकाकडे दिली होती.

सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी, पुढे अण्णा भाऊ साठे यांच्या लोकनाट्यांनी, हा धागा जाणीवपूर्वक उचलला. राजाच्या जागी सावकार आला, शेटजी आला. सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाला विचाराची जोड मिळाली. आणि 16 डिसेंबर 1972 रोजी विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले, तेव्हा या पात्राचा दुसरा चेहरा समोर उभा राहिला. मोहन आगाशे यांचा नाना नाचतो, बायकांमागे धावतो, हास्यास्पद दिसतो. पण त्याच्यावर हसताना प्रेक्षकाचा घास अडकतो. उसनी पगडी घाशीरामाच्या डोक्यावर आहे, ती देणारा नाना आहे. शेवटी घाशीराम जमावाच्या हाती जातो आणि नाना शाबूत राहतो. मेव्हण्याला मारून राजा सुटतो, हे जुन्या परंपरेतले न बोललेले वाक्य तेंडुलकरांनी उच्चारले.

आमच्या वर्गाची गोष्ट अर्धवट राहिली. आठवड्याने तो अबोल मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, वग परत करू. या वेळी पाटील मी होतो." आम्ही कचरलो, पण हो म्हटले. आधी संपूर्ण वर्गाशी त्या शब्दाविषयी बोललो, पहिल्या मुलानेही सर्वांसमोर आपली चूक कबूल केली. मग खेळ झाला. नव्या पाटलाने आवाज एकदाही चढवला नाही. हवालदाराला त्याने तीनदा नाव विचारले आणि तिन्ही वेळा उत्तर ऐकण्याआधी दुसरीकडे पाहिले. हवालदार झाला होता तो पहिला मुलगा. तिसऱ्यांदा नाव सांगताना त्याचा आवाज बदलला. वर्गात हशा पिकला नाही.

हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या 1949 मध्ये कायद्याने गेल्या. करोडगिरीही गेली, नाक्याचे फक्त नाव उरले. तरीही 'तुझे नाव काय' हे विचारून उत्तर न ऐकणारी माणसे पुष्कळ आहेत, खुर्चीवर आणि कधी फळ्याजवळही. त्या दिवशी त्या मुलाने ते नेमके कोठून उचलले, हे आम्ही त्याला विचारले नाही. आमच्याच तासातून उचलले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुढच्या दिवसापासून आम्ही हजेरी घेताना प्रत्येक 'हजर'नंतर मान वर करून पाहू लागलो.