प्रोफेसर केळफा आणि बूमरँग

दादासाहेब फाळके सिनेमात पडायच्या आधी जादूचे प्रयोग करायचे, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण तेव्हा ते नाव काय लावायचे माहितीये? प्रोफेसर केळफा! फाळके उलटं वाचा, झाला केळफा. भारतीय सिनेमाच्या जनकाने सिनेमा काढायच्या कितीतरी आधी स्वतःचं आडनावच रिव्हर्समध्ये चालवून ठेवलं होतं. हे वाचलं आणि या शनिवारचा विषय ठरूनच गेला. बूमरँग.

ऑस्ट्रेलियातलं लाकडी हत्यार नव्हे हो, इन्स्टाग्रामवालं. चहाचे कप एकमेकांवर आपटतात, मागे येतात, परत आपटतात, परत मागे येतात... तेच ते. ऑक्टोबर २०१५ मध्ये इन्स्टाग्रामने हे वेगळं अ‍ॅप म्हणून आणलं. बटण दाबलं की फोन सेकंदभर धडाधड फोटो काढतो, ते जोडतो आणि आधी सरळ, मग उलटे, मग परत सरळ असे दाखवत राहतो. आवाज नाही. पुढे हे इन्स्टाच्या कॅमेऱ्यातच आलं आणि २०२२ मध्ये वेगळं अ‍ॅप काढूनही टाकलं. तोवर आपल्याकडच्या लग्नांमध्ये ते पक्कं मुरलं होतं. हळदीला केस उडवणं, नवरदेवाला मित्रांनी हवेत फेकणं, वरातीत फेटा उडवणं, सगळं पुढे-मागे पुढे-मागे.

आमच्या ऑफिसातल्या एका सिनियरचं मत असं की हा सगळा दोन सेकंदसुद्धा लक्ष न टिकणाऱ्या पिढीचा आजार आहे. मला काही ते पटत नाही. एक तर ते स्वतः दिवसभर क्रिकेटचे रिप्ले बघतात :-) आणि दुसरं म्हणजे, हे पुढे-मागे प्रकरण सिनेमापेक्षाही जुनं आहे. अगदी शब्दशः.

त्यासाठी १८९२ मध्ये जावं लागेल. गाव पॅरिस. लुमिएर बंधूंचा पहिला जाहीर खेळ व्हायला अजून तीन वर्षं आहेत. एमील रेनो नावाचा माणूस २८ ऑक्टोबरला म्यूझे ग्रेवँ या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात पडद्यावर हलती चित्रं दाखवायला सुरुवात करतो. फोटो नाहीत बरं का. एकेक चित्र हाताने रंगवलेलं, जिलेटिनच्या छोट्या पट्टीवर, आणि अशा पट्ट्या एकापुढे एक जोडून केलेली लांबलचक फीत. ‘पोव्र प्येरो’ म्हणजे ‘बिचारा प्येरो’ या त्याच्या खेळात अशी ५०० चित्रं होती. फीत ३६ मीटर.

आता जरा हिशोब करू. सेकंदाला १२ चित्रं धरली (डोळ्याला हालचाल वाटायला तेवढी पुरतात) तर ५०० चित्रं ४२ सेकंदांत संपली. पण खेळ चालायचा दहा मिनिटांच्या वर! कसा?

रेनो स्वतः मशीनजवळ उभा असायचा. फीत दोन चाकांवर, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. मोटर वगैरे नाही, चाकं हाताने फिरवायची. मग पात्राला रेंगाळायचं असलं की फीत थोडी पुढे, थोडी मागे, परत पुढे. तेवढीच चारपाच चित्रं, पण प्येरो मिनिटभर तळमळतोय असं वाटायचं. शेजारी पियानो चालू असायचा, गाणं असायचं, त्याच्या अंदाजाने रेनोचे हात चालायचे. १९०० पर्यंत, म्हणजे साधारण आठ वर्षांत, त्याचे बारा हजारांवर प्रयोग झाले आणि पाच लाख लोकांनी ते पाहिले असं सांगतात. प्रत्येक चित्र रंगवायला लागणारा वेळ लक्षात घ्या. चित्र महाग, हात फिरवणं फुकट. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टोरेज महाग आणि प्रोसेसिंग स्वस्त, मग काय करणार, आहे तेच परत वापरणार.

बूमरँगचा खरा पूर्वज हा. तो आळसातून किंवा चंचलपणातून आलेला नाही, चित्रांच्या टंचाईतून आलाय.

आणि गंमत बघा, त्याच १८९२ साली आपल्याकडे कल्याणमध्ये महादेव गोपाळ पटवर्धन यांचे ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू झाले. शांबरिक म्हणजे शंबरासुराची माया जाणणारी, जादूची. खरोलिका म्हणजे कंदील. मॅजिक लँटर्नला इतकं भारदस्त मराठी नाव मिळालंय आणि आपण बसलोय ‘प्रोजेक्टर’ म्हणत! पटवर्धन आणि त्यांची मुलं काचेवर हाताने चित्रं रंगवायची, रामायण-महाभारतातली, सर्कशीतलीसुद्धा. कंदिलाच्या उजेडात ती पडद्यावर मोठी दिसायची, सोबत निवेदन आणि संगीत. आणि ती चित्रं हलायची. एका काचेमागून दुसरी काच इतक्या झपकन सरकवायची की पडद्यावरच्या आकृतीने हात उचललाय असं वाटावं.

जगभरातल्या मॅजिक लँटर्नवाल्यांकडे अशा यांत्रिक काचा असत. एक काच पक्की, तिच्यावर दुसरी सरकणारी, बाजूला एक छोटा दांडा. दांडा ओढला की पात्राचा हात वर, सोडला की खाली. इंग्लंडमध्ये यातला सगळ्यात गाजलेला प्रकार म्हणजे झोपेत उंदीर गिळणारा माणूस. दाढीवाला बाबा पलंगावर घोरतोय, जबडा उघडतो-मिटतो, उघडतो-मिटतो, आणि एका चाकावर बसवलेले उंदीर एकामागून एक तोंडात जातात. जबड्याची चित्रं मोजून दोन. दोन फ्रेमचं बूमरँग! लोक पोट धरून हसायचे म्हणे. आज कुणी हे टाकलं तर आजही व्हायरल जाईल, पैज लावते.

लुमिएर बंधूंनी हेच फोटोंचं केलं आणि मग उलटं चालवण्याला वेगळाच अर्थ आला. १८९६ मध्ये त्यांनी भिंत पाडण्याची एक छोटी फिल्म घेतली. कामगार भिंतीला रेटतात, भिंत धाडकन पडते, धुळीचा लोट. एक मिनिटसुद्धा नाही. ही फिल्म गाजली ती मात्र उलटी चालवल्यावर. धूळ जमिनीत शिरते, विटा गोळा होतात आणि भिंत उभी राहते! ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात (काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत) मारियस सेस्तिएने भारतातला पहिला सिनेमा दाखवला, एक रुपया तिकीट, तेव्हाच्या सहा फिल्म्समध्ये ही पाडापाडी होती. तो खेळ बघून भारावलेल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. पण ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

आपल्या केळफांनी काळाशी आणखी वेगळा खेळ केला. १९१२ मध्ये भांडवल देणाऱ्याला पटवायचं होतं, म्हणून कुंडीत बी पेरून कॅमेऱ्याने दिवसेंदिवस एकेक फ्रेम घेतली आणि ‘अंकुराची वाढ’ दाखवली. रेनोने काळ ताणला, लुमिएरांनी उलटवला, फाळक्यांनी आवळला. पैसे मिळाले आणि ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

थोडं टेक्निकल. नको असेल तर हा एक परिच्छेद गाळा. टंचाई संपली असं वाटत असतानाच कॉम्प्युटरवर ती परत आली. १९८७ मध्ये जिफ फॉरमॅट आला, १९९५ च्या सुमारास नेटस्केपने त्यात लूपची सोय केली, आणि इंटरनेटभर फावडं मारणारा तो ‘अंडर कन्स्ट्रक्शन’ माणूस दिसायला लागला. डायलअपवर फाइल छोटीच हवी, मग चित्रं कमी, मग तीच उलट फिरवा. यात एक बारीक खोच आहे. १ २ ३ ४ अशी चित्रं असतील तर परत येताना ३ २ एवढंच घ्यायचं. टोकाची चित्रं दोनदा घेतली तर तिथे हालचाल अडखळते. म्हणजे दहा चित्रं असतील तर पूर्ण फेरी वीस नाही, अठराची. व्हिडिओ उलटा करायला आणखी कटकट असते, कारण त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, बहुतेक फ्रेम्समध्ये आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे आधी सगळं सरळ उलगडायचं, मेमरीत धरायचं, मग उलटं. सेकंदभराच्या तुकड्याला हे परवडतं.

पण सगळ्याच हालचाली उलट्या केल्याने मजा येत नाही, हे कधी लक्षात आलंय? मी जालन्याची. ‘जालना सोन्याचा पाळणा’ अशी आमच्याकडे जुनी म्हण आहे, बाजारपेठ फार संपन्न होती म्हणून. आता या पाळण्याचंच बूमरँग करून बघा. काही कळणारच नाही! पाळणा, झोपाळा, घड्याळाचा लंबक, ही मुळातच पुढे-मागे जाणारी मंडळी, सरळ काय नि उलट काय. जुन्या जालन्यातल्या आमच्या घरच्या झोपाळ्याचं बूमरँग माझ्या चुलत बहिणीने एकदा टाकलं होतं, कुणालाही ते बूमरँग आहे हे समजलं नाही. उलट पाणी ओतणं, फुगा फुटणं, भिंत पडणं, जे परत होत नाही ते परत झालेलं दिसलं की डोळा चमकतो.

याच बहिणीने आणखी एक बूमरँग केलं होतं. २०१८ मध्ये, कुंडलिकेच्या पलीकडे नव्या जालन्यात, आमच्या मोठ्या दादाच्या लग्नात. आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, मंगलाष्टकं चालू, आणि ती अक्षता टाकतेय. हात वर जातो, तांदूळ उडतात, हवेत थांबतात, आणि सगळेच्या सगळे तिच्या मुठीत परत येतात. परत उडतात. ‘सावधान’ ऐकू येत नाही, आवाजच नाही ना.

आजी २०२१ मध्ये गेली. नंतर सगळ्यांचे फोन धुंडाळले तेव्हा लक्षात आलं की फोटो शेकडो आहेत, पण हलणारी आजी एवढीच. लग्नाच्या शूटिंगची हार्डडिस्क केव्हाच बंद पडली होती. आणि बूमरँग करताना मूळ व्हिडिओ असा काही साठवलाच जात नाही, फक्त पुढे-मागे जोडलेला तुकडा.

आईने मला सांगितलं, “तू एवढी कॉम्प्युटरवाली, ते तांदूळ एकदा खाली पडू देत की गं. मुलांच्या डोक्यावर पडले की नाही ते तरी दिसेल.”

एका रविवारी बसले. एफएफएमपेगने सगळ्या फ्रेम्स वेगळ्या केल्या, एकसारख्या शोधून काढून टाकल्या. उलट्या परतीच्या गेल्या, पुन्हापुन्हाच्या गेल्या. उरलं ते सेकंदभरसुद्धा भरेना. तांदूळ हवेत असतानाच फ्रेम्स संपतात. नवरानवरी त्या चौकटीत नाहीतच. मग मधे नवीन फ्रेम्स तयार करून वेग कमी करून पाहिला. आता एआयने पुढचंही बनवून मिळतं, तांदूळ खाली पडताना दाखवता आले असते. ते केलं नाही. पडले कसे ते मशीनला कुठून माहीत असणार? आईला सरळ केलेला तुकडा पाठवला. तिने दोनदा पाहिला आणि म्हणाली, “हे लगेच संपतं.” तिच्या फोनमध्ये जुनाच आहे.

तेव्हापासून रेनो मला जरा जास्त कळतो. सिनेमाने त्याचा धंदा बसवला. १९१० च्या आसपास हताश होऊन त्याने आपल्या बहुतेक फिती सीन नदीत फेकून दिल्या आणि १९१८ मध्ये तो वारला. ‘बिचारा प्येरो’ आणि आणखी एक, एवढ्या दोनच फिती वाचल्या. त्यांत सगळी चित्रं क्रमाने आहेत. पण कुठल्या जागी थांबायचं, कुठे फीत किती वेळा मागे आणायची, हे फितीवर लिहिलेलं नाही, ते त्याच्या हातात होतं. कल्याणच्या पटवर्धनांच्याही काही काचा आजवर टिकून आहेत. त्या कुठल्या शब्दावर सरकायच्या, निवेदन करणारा कुठे श्वास घ्यायचा, हे काचेत कसं दिसणार?

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी कुणा पणजोबा-पणजीने खरोलिकेचा, जत्रेतल्या बाइस्कोपचा किंवा तंबूतल्या सिनेमाचा खेळ पाहिल्याची गोष्ट सांगितली असेल, त्यात काय हलायचं, किती वेळा हलायचं, लोक कुठे ओरडायचे, असलं काहीही आठवत असेल, तर मला ऐकायचंय. अर्धवट आठवत असलं तरी चालेल.