नियोजित कामांचे चालू-बंद साधन

नियोजित कामांचे चालू-बंद साधन : संगणकावर ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे स्थगित किंवा पुन्हा सुरू करण्यासाठी एआय एजंटला दिलेले सॉफ्टवेअर साधन. रात्रीचा बॅकअप, महिनाअखेरची बिले, हप्त्याची आठवण देणारे एसएमएस, जुन्या नोंदींची सफाई ही अशा कामांची नेहमीची उदाहरणे. एजंट स्वतः वेळापत्रक चालवत नाही. ते चालवणाऱ्या यंत्रणेला तो या साधनामार्फत आज्ञा देतो.

अशा यंत्रणांमध्ये सर्वांत परिचित आहे क्रॉन. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. पुढे पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन लिनक्सवर सर्वत्र पसरला. क्रॉनटॅब या त्याच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये कामाच्या प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने व त्यापुढे चालवायची आज्ञा असते. काम बंद करण्याची वेगळी सोय त्यात नाही. ओळीच्या सुरुवातीला # टाकले की क्रॉन ती ओळ सोडून देतो, मात्र ती कोणी बंद केली आणि का, याची नोंद क्रॉनटॅबमध्ये होत नाही. शिवाय क्रॉनटॅब संपादित करण्याचा पर्याय ‘ई’ या अक्षराचा आणि अख्खा क्रॉनटॅब पुसण्याचा ‘आर’चा, कीबोर्डवर ही अक्षरे शेजारी आहेत. एजंटला सर्व्हरच्या सगळ्या आज्ञा मोकळ्या करून देण्यापेक्षा चालू आणि बंद एवढेच जमणारे साधन देणे शहाणपणाचे ठरते, ते यामुळेच.

नंतरच्या यंत्रणांनी ‘बंद’ ही कामाची नोंदवलेली स्थिती मानली. कुबरनेटीजमधील क्रॉनजॉबला (२०२१ सालच्या १.२१ आवृत्तीपासून स्थिर) ‘सस्पेंड’ हा गुणधर्म आहे, पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजी-क्रॉनमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा रकाना आहे, आणि एअरबीएनबीमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या एअरफ्लोमध्ये प्रत्येक कार्यप्रवाह थांबवता येतो. एजंटांना अशी साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अर्थात एमसीपी, हे तिचे नाव. तीत प्रत्येक साधनाला नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची याचा आराखडा असतो. हे वर्णन मॉडेल वाचते आणि त्यावरूनच साधन केव्हा, कसे वापरायचे ते ठरवते. त्यामुळे इथे दस्तऐवज हा साधनाच्या कामाचाच भाग आहे. त्यात जे लिहायचे राहिले ते एजंट अंदाजाने भरून काढतो.

अंदाज चुकण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे ‘बंद’ या स्थितीचा नेमका परिणाम. कुबरनेटीजमध्ये सस्पेंड केल्यावर पुढच्या फेऱ्या थांबतात, आधीच सुरू झालेली फेरी मात्र चालूच राहते. स्थगितीच्या काळातील फेऱ्या हुकलेल्या मानल्या जातात, आणि सुरू होण्याची मुदत घातलेली नसेल तर स्थगिती उठताच हुकलेले काम तत्काळ सुरू होते. रात्री चालायचा जड अहवाल त्यामुळे भर दुपारी डेटाबेसवर येऊन आदळू शकतो. एअरफ्लोमध्ये ‘कॅचअप’ चालू असेल तर हुकलेल्या प्रत्येक कालखंडासाठी स्वतंत्र फेरी निघते. आवृत्ती २ मध्ये ते मुळात चालू असे, आवृत्ती ३ मध्ये ते मुळात बंद आहे. लिनक्सवरील सिस्टमडीत टायमर ‘डिसेबल’ केला म्हणजे संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तो आपणहून उठणार नाही, एवढेच. चालू असलेला टायमर थांबवायला ‘स्टॉप’ लागतोच. एका यंत्रणेसाठी लिहिलेले वर्णन दुसरीला जसेच्या तसे चिकटवता येत नाही, ते या फरकांमुळे.

साधनाची घडणही महत्त्वाची आहे. ‘स्थिती उलट कर’ अशी एकच आज्ञा टाळावी. जिन्यातला दिवा दोन बटणांवर असला की दिवा न पाहता बटण दाबणाऱ्याला तो लागला की विझला हे कळत नाही. नेटवर्कमध्ये अडथळा आला म्हणून एजंटने तीच आज्ञा दुसऱ्यांदा पाठवली, तर बंद केलेले काम पुन्हा चालू होते. ‘चालू कर’ आणि ‘बंद कर’ या आज्ञा कितीही वेळा दिल्या तरी परिणाम एकच राहतो. अ‍ॅमेझॉनच्या इव्हेंटब्रिज शेड्यूलरमध्ये आणखी एक पेच आहे : वेळापत्रक अद्ययावत करताना न दिलेल्या गोष्टींचे आधीचे मूल्य टिकत नाही. केवळ स्थिती बदलायची असली तरी साधनाने आधी संपूर्ण वेळापत्रक वाचून तेच परत पाठवले पाहिजे.

भारतातील वापरात वेळेचा गोंधळ हमखास होतो. अनेक सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. पुण्यातील एखाद्या कार्यालयाचे सोमवारी पहाटे २ चे काम क्रॉनटॅबमध्ये रविवारी २०:३० असे दिसते. ‘सोमवारचे काम बंद कर’ असे सांगितल्यावर एजंटने कोणता वार धरायचा? उत्तरात पुढील फेरीची वेळ कालविभागासह परत देणे म्हणूनच आवश्यक आहे. स्थितीमागचे कारणही द्यावे. गिटहबवरील सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर नियोजित कामे आपोआप बंद होतात. असे काम कोणी जाणूनबुजून थांबवलेले नसते.

फसलेले काम सहसा त्रुटीचा संदेश पाठवते. बंद असलेले काम काहीच पाठवत नाही. स्थगित राहिलेला बॅकअप डिस्क बिघडेपर्यंत लक्षात येत नाही. सुरक्षित साधन बंद करतानाच कारण आणि पुन्हा सुरू करण्याची तारीख मागते, आज्ञा देणाऱ्याची नोंद ठेवते आणि बॅकअप व पैशांच्या व्यवहारांसाठी माणसाची संमती घेते. एमसीपीत २०२५ पासून साधनाला ‘केवळ वाचणारे’ किंवा ‘विध्वंसक’ अशा खुणा जोडता येतात. मात्र त्या केवळ सूचना असून अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर विसंबू नये, असे त्या प्रोटोकॉलमध्येच नमूद आहे. चालू फेरीचे आणि हुकलेल्या फेऱ्यांचे काय होते, हे ज्याच्या वर्णनात लिहिलेले नाही, असे साधन एजंटच्या हाती देण्याजोगे नाही.